वाट वळली म्हणजे चुकली नव्हे

(कोल्हापूर येथे विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा शब्दांकित सारांश.)



जून महिना लागला की करवीरनगरीत दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यातला पाऊस आणि दुसरी म्हणजे घरोघरी रंगणारी बारावीच्या गुणांची चर्चा. पाऊस सप्टेंबरात ओसरतो, गुणांची चर्चा मात्र काही घरांतून वर्षानुवर्षे ओसरत नाही. विज्ञान शाखेला गेलेल्या मुलासमोर आपण दोनच दरवाजे उभे केले आहेत. एकावर 'डॉक्टर' अशी पाटी आहे, दुसऱ्यावर 'इंजिनिअर'. या दोहोंपैकी एकही उघडला नाही, तर मुलगा वाया गेला असे घर मानते. आणि दुर्दैव असे की, हळूहळू मुलगाही तसेच मानू लागतो. नीटची परीक्षा एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा देणारी मुले आपल्या गल्लीत आहेत. त्यांच्या शिकवणीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडणारे आईवडीलही आपल्या ओळखीचे आहेत. म्हणून आजचा विषय केवळ 'करिअर मार्गदर्शना'चा नाही. घराघरांतील स्वास्थ्याचा तो प्रश्न आहे.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. विज्ञानातले सिद्धान्त मी तुम्हांला शिकवू शकणार नाही. परंतु पत्रकाराचे काम साक्षीपुरावा गोळा करण्याचे असते, आणि आज मी काही साक्षीदारच तुमच्यासमोर उभे करणार आहे. ते सारे विज्ञान वा गणित शिकले, आणि पुढे जेथे पोहोचले, त्या ठिकाणाचा त्यांच्या पदवीच्या कागदावर उल्लेखही नव्हता. सुरुवात आपल्या गावापासूनच करू.

करवीरचे नारळीकर

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ सालचा, कोल्हापूरचा. केंब्रिजला जाऊन त्यांनी गणितात मोठे यश मिळवले आणि १९३२ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, पंडित मदनमोहन मालवीयांच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात ते गणित विभागाचे प्रमुख झाले. सापेक्षता सिद्धान्तावर भारतात काम करणाऱ्या आद्य पिढीतले ते एक. पण हेच गणिती पुढे राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? विश्वाच्या रचनेची समीकरणे मांडणारा माणूस एका राज्याचे अधिकारी निवडण्याच्या कामाला बसला. त्यानंतर ते पुणे विद्यापीठात आले आणि पुन्हा गणिताकडे वळले.

त्यांचे पुत्र डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८चा. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरली. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. परंतु मला येथे सांगायची आहे ती १९७४ सालची हकीकत. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. डॉ. नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली आणि ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडू नये, कथा कथा म्हणूनच तोलली जावी, हा त्यामागचा हेतू. कथेला पहिला क्रमांक मिळाला. पुढे त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या आसनावर कवी, कादंबरीकार, समीक्षक बसत आले, तेथे एक खगोलशास्त्रज्ञ विराजमान झाला. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा विज्ञानक्षेत्राइतकेच मराठी साहित्यविश्वही पोरके झाले. त्यांनी विज्ञान सोडले नाही. विज्ञानाला त्यांनी मायबोलीच्या अंगणात आणले. वाट वळवण्याची ही एक तऱ्हा.

त्यांचे मामा डॉ. वसंतराव हुजूरबाजार हेही कोल्हापूरचेच. ते संख्याशास्त्राकडे वळले आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी नावारूपाला आणला. त्या काळी संख्याशास्त्र घेऊन पोट कसे भरणार, असा प्रश्न पुष्कळांना पडला असता. आज विमा कंपन्यांपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत आणि हवामानाच्या अंदाजापासून निवडणुकीच्या सर्वेक्षणांपर्यंत याच शास्त्रावाचून पान हलत नाही. कालची आडवाट आज हमरस्ता झाली.

गणिताचा शिक्षक आणि कोल्हापूर प्रकरण

आणखी मागे जाऊ. लोकमान्य टिळकांची प्रतिमा आपल्या मनात सिंहगर्जना करणाऱ्या नेत्याची आहे. परंतु डेक्कन कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली ती गणित विषयात, प्रथम श्रेणीत. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले आणि गणिताचा हा शिक्षक पत्रकार झाला. त्याच्या पत्रकारितेची पहिली अग्निपरीक्षा कोणत्या गावाच्या निमित्ताने झाली? आपल्या कोल्हापूरच्या! छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाविषयी आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्याविषयी केलेल्या लिखाणावरून टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला भरण्यात आला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट ठरली. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. छत्रपतींविषयीची तळमळ खरी होती, पण हाती आलेला कागद खोटा होता. या अनुभवानंतर टिळक पत्रकारितेपासून दूर गेले नाहीत. पुढे वेदांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा केवळ श्रद्धेचा हवाला न देता नक्षत्रांच्या स्थितीवरून गणित मांडले. त्यांचे निष्कर्ष सर्वांना मान्य होवोत वा न होवोत, पद्धत गणितज्ञाची होती. माणूस विषय सोडतो. विषय माणसाला सोडत नाही.

काशीची प्रयोगशाळा

विष्णुपंत नारळीकर काशीस रुजू झाले, त्या काळी तेथे प्राणिशास्त्र शिकवणारे एक तरुण प्राध्यापक होते. माधव सदाशिव गोळवलकर हे त्यांचे नाव. १९२८ साली त्यांनी तेथूनच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले. मग मद्रासच्या मत्स्यालयात माशांवर संशोधन सुरू केले, परंतु घरच्या आर्थिक अडचणींमुळे ते अर्धवट सोडावे लागले. १९३० ते १९३३ या काळात त्यांनी काशीत अध्यापन केले. विद्यार्थ्यांच्या अडचणींना धावून जाणाऱ्या या प्राध्यापकाला विद्यार्थी 'गुरुजी' म्हणू लागले आणि हेच नाव पुढे देशभर रूढ झाले. नंतर नागपूरला कायद्याची पदवी, मग सारगाछीला स्वामी अखंडानंदांचे सान्निध्य, आणि १९४० साली डॉ. हेडगेवारांच्या निधनानंतर सरसंघचालकपदाची धुरा, ती थेट १९७३ सालापर्यंत. मद्रासच्या मत्स्यालयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या तरुणाला हा प्रवास कोणी सांगितला असता, तर त्याला तरी तो खरा वाटला असता काय?

हे एकच उदाहरण नाही. १९२५ साली संघाची स्थापना करणारे डॉ. केशव बळिराम हेडगेवार कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकलेले वैद्य होते. त्यांनी दवाखाना मात्र कधी थाटला नाही. प्रा. राजेंद्रसिंह ऊर्फ रज्जूभैया हे अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. सुदर्शनजी जबलपूरचे दूरसंचार अभियंते. डॉ. मोहनजी भागवत नागपूरच्या महाविद्यालयात पशुवैद्यक शिकले आणि आणीबाणीच्या पर्वात पदव्युत्तर शिक्षण सोडून प्रचारक म्हणून बाहेर पडले. शंभर वर्षे पूर्ण केलेल्या या संघटनेच्या सहा सरसंघचालकांपैकी पाचजण वैद्यक, प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि पशुवैद्यक या शाखांतून आले. एकटे बाळासाहेब देवरस तेवढे कायद्याचे पदवीधर. संघटना बांधणे म्हणजे माणसे जोडणे, आणि माणूस समजून घेण्यासाठी आधी निरीक्षण लागते. ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेले असते.

शेजारच्या गोव्यातले मनोहर पर्रीकर पाहा. १९७८ साली मुंबईच्या आय.आय.टी.मधून धातुशास्त्रातले अभियंते झाले. म्हापशात संघाचे काम केले, स्वतःचा उद्योग उभारला, २००० साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि २०१४ ते २०१७ या काळात देशाचे संरक्षणमंत्री. फायलीतला आकडा तपासल्याशिवाय सही न करण्याची त्यांची ख्याती होती. कोणत्या धातूला किती ताप सोसेल, हे जाणणारा माणूस होता तो.

स्वर आणि शब्द

कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची, सार्वजनिक जीवनातली माणसे झाली. तर मग कलेच्या प्रांतात चला. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरी राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत रुजली. त्याच परंपरेतल्या आजच्या अग्रगण्य गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली आहे. किराणा घराण्याच्या डॉ. प्रभा अत्रे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.एस्सी. केले, त्यावर कायद्याची पदवी घेतली, आणि आयुष्य वाहिले ते स्वरांना. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले. गाण्यावर बोलताना आणि लिहिताना त्या जी काटेकोर चिकित्सा करीत, तिच्यात प्रयोगशाळेची शिस्त दिसते.

आणि डॉ. श्रीराम लागू! कान, नाक, घशाचे शल्यविशारद. परदेशी शिक्षण, आफ्रिकेत नोकरी, उत्तम चाललेला व्यवसाय. हे सारे बाजूला ठेवून १९६९ साली ते पूर्णवेळ रंगभूमीवर उतरले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आले. त्यांच्या विचारांशी अनेक बाबतींत आपले मतभेद असतील. पण ज्या कंठावर कालपर्यंत शस्त्रक्रिया केल्या, त्याच कंठाच्या सामर्थ्याने त्यांनी महाराष्ट्र हेलावून सोडला, हे कोण नाकारील?

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील जागा मोजक्या. सरकारी महाविद्यालयात एक डॉक्टर घडवायला समाजाचा पैसा खर्ची पडतो. तो डॉक्टर उद्या नट झाला, तर ज्या खेड्यात वैद्य पोहोचला नाही, त्या खेड्याने काय करावे? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. समाजाकडून घेतलेले ऋण फेडावेच लागते, आपल्या परंपरेने ऋणाची संकल्पना सांगितली आहे ती याचसाठी. म्हणून माझे म्हणणे नीट ऐका. वाट सोडण्याचे कौतुक करायला मी आलेलो नाही.

सरळ वाटेवर चालणेही कधीकधी सर्वांत अवघड असते. आनंदीबाई जोशी आठवा. १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. तेच आजचे आपले सी.पी.आर. रुग्णालय. क्षयाने त्यांना ते काम करू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्या गेल्या. पुढे शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात रुग्णसेवा केली. ज्याच्या मनात वैद्य होण्याची आस आहे, त्याने याच मार्गाने जावे, आणि जमल्यास गगनबावड्याला, आजऱ्याला, चंदगडला जावे.

प्रश्न त्यांचा आहे, ज्यांच्या मनात ही आस नाही आणि तरीही ज्यांना त्या रांगेत उभे केले आहे. इच्छा नसलेल्या मुलाने अडवलेली जागा हीदेखील समाजाच्या पैशाची हानीच नव्हे काय? रांगेतून असा मुलगा वेळीच बाहेर पडला, तर एका खऱ्या वैद्याला जागा मिळते. ऋण फेडण्याचा तोही एक मार्ग आहे.

दुसरी सावधगिरी. मी सांगितलेल्या साक्षीदारांपैकी बहुतेकांनी हातातले शिक्षण निष्ठेने पुरे केले होते. अभ्यास जमत नाही म्हणून ते पळाले नाहीत. पळणे आणि वळणे यांत अंतर आहे. पळणाऱ्याचे लक्ष मागे असते, वळणाऱ्याचे पुढे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही यांपैकी कोण आहात, हे तुमच्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

आपल्या परिसरातील वाटा

आता व्यवहाराचे बोलू. विज्ञान शिकलेल्याला कोल्हापुरात आणि आसपास कोणत्या अनवट वाटा दिसतात?

अंबाबाईचा किरणोत्सव आपण सारे जाणतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. वाटेत कोणती बांधकामे आड येतात, प्रकाशाची तीव्रता किती राहते, हे मोजण्याचे काम भौतिकशास्त्राचे अभ्यासक करतात. २०१५ साली देवीच्या मूर्तीचे संवर्धन केले, ते पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी. दगडाची झीज कशाने होते, तिच्यावर कोणता लेप चालतो, कोणता घातक ठरतो, हे रसायनशास्त्र आहे. पन्हाळ्याच्या तटापासून खिद्रापूरच्या कोपेश्वरापर्यंत केवढा ठेवा आपल्याकडे आहे! त्याचे रक्षण घोषणांनी होणार नाही. त्याला जाणकार हात लागतील.

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद त्यांत आहे आणि राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे. त्यासाठी रसायन, जीवशास्त्र, संगणक जाणणारी किती माणसे लागतील, याचा विचार करा. पेटंटचे काम पाहा. पेटंट एजंट होण्यासाठी १९७०च्या कायद्याने विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी आवश्यक मानली आहे. वकिलीची पदवी असलीच पाहिजे असे नाही. आपल्या कोल्हापुरी गुळाला आणि कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अस्सल गूळ कोणता आणि रसायनांनी पांढरा केलेला कोणता, हे शेवटी प्रयोगशाळेतच ठरते, आणि न्यायालयात ते समजावून सांगायलाही विज्ञान जाणणाराच लागतो.

२०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनी आपल्याला काय शिकवले? नदीची पातळी, धरणांचा विसर्ग आणि पावसाचे आकडे लोकांना कळतील अशा मराठीत सांगणाऱ्या माणसांची आपल्याकडे वानवा आहे. वृत्तपत्रात आयुष्य घालवलेला मी हे अधिकाराने सांगतो. विज्ञान समजते त्याला लिहिता येत नाही आणि लिहिता येते त्याला विज्ञान समजत नाही, ही मराठी पत्रकारितेची जुनी अडचण आहे. २०२१ पासून काही महाविद्यालयांत अभियांत्रिकीही मराठीतून शिकवायला सुरुवात झाली. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता पाठ्यपुस्तके कोण लिहिणार? अनुवाद कोण करणार? हे काम माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाकडून होणारे नाही. ते तुमच्यापैकी कोणालातरी करायचे आहे.

आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भौतिकशास्त्राबरोबर संगीत, किंवा जीवशास्त्राबरोबर इतिहास शिकण्याची मुभा तत्त्वतः दिली आहे. प्रभाताईंना जे स्वतःच्या हिमतीवर करावे लागले, त्याला आता धोरणाचा आधार मिळाला आहे. त्याचा लाभ घेण्याचे धैर्य मात्र घरातून यावे लागते.

पालकांना दोन शब्द

म्हणून अखेरचे बोलणे पालकांशी. आपण कर्ज काढता, पोटाला चिमटा घेता, ते मुलाच्या सुखासाठीच. त्याविषयी कोणाच्याच मनात शंका नाही. पण निकालाच्या दिवशी मुलाला विचारायचा पहिला प्रश्न बदलून पाहा. 'किती पडले?' या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर असते. 'यातले काय शिकताना तुला वेळेचे भान राहिले नाही?' असे विचारा. कदाचित तो वनस्पतींची चित्रे म्हणेल, तबल्याच्या मात्रा म्हणेल, रंकाळ्याकाठचे पक्षी म्हणेल किंवा उद्यमनगरातल्या भट्टीतला वितळलेला लोखंडाचा रस म्हणेल. त्या उत्तरातच एखादी वाट असेल. ती आपल्या ओळखीची नसेल, म्हणून ती नाहीच असे समजू नका.

गुरुजींच्या वडिलांना मुलगा संशोधक व्हावा असे वाटले असेल. नारळीकरांच्या घरी कथा लिहिण्याची अपेक्षा कोणी केली नसेल. राष्ट्राला डॉक्टर हवेत, अभियंते हवेत. तितकीच मूर्तीचा दगड राखणारी, गुन्ह्याचा पुरावा जपणारी, पुराची सूचना वेळेवर देणारी आणि विज्ञान मायबोलीत सांगणारी माणसेही हवीत. यातले जे काम आपले, ते ओळखावे, आणि एकदा ओळखले की त्यात कसूर करू नये. एवढीच आजची विनंती.